शिक्रा की बेसरा? सारख्या दिसणाऱ्या चार शिकारी पक्ष्यांची मैदानी ओळख

पावसाळा ओसरला की शहरालगतच्या टेकड्यांवरून बेसरा दिसल्याच्या नोंदी यायला लागतात. सोबतचा फोटो मोठा करून पाहिला, तर त्यातले बरेचसे पक्षी त्याच उन्हाळ्यात घरट्यातून बाहेर पडलेले शिक्ऱ्याचे पोरसवदा पक्षी असतात. तपकिरी पाठ, छातीवर रेघोट्या, गळ्याच्या मधोमध एक रेघ. पुस्तक उघडलं की बोट आपोआप बेसऱ्याच्या चित्रावर जाऊन थांबतं. आपण रंगापासून सुरुवात करतो आणि पक्ष्याच्या वयाकडे लक्षच देत नाही, तिथे सगळा घोळ होतो. म्हणून या लेखात ओळखीचा एक क्रम देतो आहे: आधी वय, मग गळा, मग छाती-पोट, मग शेपटी, आणि रंग सगळ्यात शेवटी.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या घडणीचे चार पक्षी भेटतात: शिक्रा, बेसरा, युरेशियन स्पॅरोहॉक आणि क्रेस्टेड गॉसहॉक. चौघांचेही पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. झाडीतून वाट काढत, अचानक वळत भक्ष्य पकडायचं तर अशीच बांधणी लागते. पहिले तिघे साधारण ३० ते ३६ सेंटिमीटरचे, म्हणजे कबुतराच्या आसपास. गॉसहॉक थोराड, मोठी मादी कावळ्याएवढी भरते. पण आकारावर विसंबून राहू नका. या सगळ्यांत मादी नरापेक्षा मोठी असते. स्पॅरोहॉकमध्ये तर मादीचं वजन नराच्या जवळपास दुप्पट असू शकतं. त्यामुळे एकटा बसलेला पक्षी ‘मोठा वाटला’ किंवा ‘लहान वाटला’ यावरून काहीच ठरत नाही.

बरीच वर्षं हे चौघे ‘अ‍ॅक्सिपिटर’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात (genus) होते. २०२४ मध्ये जागतिक पक्षीयाद्यांनी ती प्रजाती फोडली. शिक्रा आणि बेसरा ‘टॅकिस्पायझा’मध्ये गेले, क्रेस्टेड गॉसहॉक ‘लोफोस्पायझा’त गेला आणि स्पॅरोहॉक मूळच्या ‘अ‍ॅक्सिपिटर’मध्ये राहिला. जुनी पुस्तकं आणि नवी अ‍ॅप्स यांत नावं जुळली नाहीत तर कारण हे आहे.

आधी शिक्रा पाठ करा

दुर्मीळ पक्षी ओळखायला शिकण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे नेहमीचा पक्षी इतका पाहायचा की त्याच्यापेक्षा वेगळं काही समोर आलं तर लगेच खटकावं. आपल्याकडे तो नेहमीचा पक्षी शिक्रा. गावाबाहेरची आमराई, कॉलेजचं आवार, मुंबईतल्या जुन्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष, विदर्भातलं सागवान, कुठेही तो असतो. कुलाब्याच्या नौदलाच्या हेलिकॉप्टर तळाचं नावही ‘आयएनएस शिक्रा’ आहे.

पूर्ण वाढलेला नर एकदा नीट पाहिला की विसरत नाही. पाठ फिकट निळसर राखाडी, गाल कोरे राखाडी, डोळा लालभडक. पांढऱ्या छातीवर विटकरी रंगाचे बारीक आडवे पट्टे, इतके दाट की दुरून छाती एकसारखी नारिंगी वाटते. मांड्या पांढऱ्या. गळ्यावर मधोमध एक अस्पष्ट राखाडी रेघ, असून नसल्यासारखी. पाठीमागून पाहिलं तर मिटलेली शेपटी जवळपास कोरी दिसते, कारण वर असणाऱ्या मधल्या पिसांवर पट्टे नसतात. मादीची पाठ थोडी तपकिरीकडे झुकते आणि डोळा पिवळा ते नारिंगी असतो.

हा पक्षी वेगवेगळ्या उजेडात पाहून ठेवा. ढगाळ सकाळी दाट पानांच्या सावलीत बसलेला शिक्रा चांगला गडद, पाटीच्या दगडाच्या रंगाचा दिसतो, आणि तोच अर्ध्या तासाने उन्हात येऊन बसला की फिकट राखाडी होतो. ‘पाठ गडद होती, म्हणून बेसरा’ हा युक्तिवाद मला या एका कारणासाठी मान्य नाही.

पहिली पायरी: वय

पहिल्या वर्षातला पक्षी ओळखायला पाठीकडे पाहा. पाठ तपकिरी असेल आणि पंखांवरच्या पिसांना फिकट तांबूस कडा असतील, त्यामुळे पाठीवर खवल्यांची नक्षी दिसत असेल, तर तो लहान पक्षी. पाठ सलग राखाडी असेल तर प्रौढ. मधल्या अवस्थेतले पक्षीही भेटतात: पाठीवर अर्धी पिसं राखाडी, अर्धी तपकिरी, छातीवर वरच्या बाजूला जुन्या रेघोट्या आणि खाली नवे आडवे पट्टे. असा शिक्रा हुबेहूब प्रौढ बेसऱ्यासारखा भासतो, कारण प्रौढ बेसऱ्याच्या छातीवरही वर उभ्या रेघा आणि खाली आडवे पट्टे असतात. फरक असा की शिक्ऱ्याच्या अंगावर पिसं बदलत असल्याच्या खुणा दिसतात, नक्षी विस्कटलेली असते, डावी-उजवी बाजू सारखी नसते.

वय ठरलं की पुढची तुलना त्याच वयाच्या पक्ष्यांशी करायची. तपकिरी पक्षी हातात घेऊन राखाडी पक्ष्यांच्या चित्रांत शोधायला लागलं की उत्तर चुकणारच.

दुसरी पायरी: गळा

चौघांत गळ्याची खूण सगळ्यात जास्त कामाची आहे. हनुवटीपासून छातीपर्यंत उतरणारी मधली रेघ आहे का, आणि असेल तर किती जाड?

बेसरा: रेघ काळी, रुंद, ठळक. पांढऱ्या गळ्यावर ती तीस-चाळीस फुटांवरूनही साध्या दुर्बिणीत दिसते. लहान बेसऱ्यालाही ती असते.

क्रेस्टेड गॉसहॉक: त्याच्याही गळ्यावर ठळक काळी रेघ, त्यामुळे इथे त्याची आणि बेसऱ्याची गल्लत होते. त्यांना वेगळं करायला पाय आणि डोकं पाहावं लागतं, ते पुढे सांगतो.

शिक्रा: रेघ असते, पण बारीक. प्रौढात राखाडी आणि पुसट, लहान पक्ष्यात तपकिरी आणि थोडी स्पष्ट.

स्पॅरोहॉक: मधली रेघच नसते. गळाभर बारीक तुरळक रेषा असू शकतात, पण एकच एक मधली पट्टी नाही.

एक सावधगिरी. ही रेघ पिसांवर असते, आणि पक्षी कसा बसलाय त्याप्रमाणे ती रुंद-अरुंद दिसते. थंडीत अंग फुगवून, मान खांद्यात घालून बसलेल्या पक्ष्याची रेघ पिसांच्या घडीत जाते आणि गळा कोरा वाटतो. तोच पक्षी वरून जाणाऱ्या घारीकडे मान वर करून पाहतो तेव्हा रेघ लांब आणि स्पष्ट होते. भरपेट खाल्ल्यावर अन्नाची पिशवी फुगते आणि रेघ पसरून जाड दिसते. म्हणून गळ्याचा निर्णय एका क्षणात करू नका. मान वर, मान वळलेली, मान आखडलेली अशा दोन-तीन स्थितींत तो पाहा. नुकताच सरडा खाऊन फांदीवर चोच घासणारा लहान शिक्रा मी अगदी जवळून पाहिला आहे. डोकं खाली घालून चोच पुसताना गळ्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि डोकं उचललं की बारीक तपकिरी धागा हनुवटीपासून खाली उतरत होता. तो धागा बारीक होता हेच महत्त्वाचं. बेसऱ्याच्या बाबतीत ‘रेघ आहे की नाही’ असा प्रश्नच पडत नाही.

तिसरी पायरी: छाती आणि पोट

इथे एकच गोष्ट विचारायची: नक्षी उभी आहे की आडवी?

लहान शिक्ऱ्याच्या छातीवर तपकिरी थेंब ओघळल्यासारख्या उभ्या रेघा असतात, आणि कुशीकडे त्या ठिपक्यांसारख्या किंवा तुटक पट्ट्यांसारख्या होतात. लहान बेसराही उभ्या रेघांचाच. लहान स्पॅरोहॉक मात्र या दोघांपेक्षा वेगळा: त्याच्या छाती-पोटावर पहिल्या वर्षापासूनच आडवी नक्षी असते, जाडसर, तुटक, कुठे बाणाच्या टोकासारखी. तपकिरी पाठीचा, पिवळ्या डोळ्यांचा, पण छातीवर आडवे पट्टे असलेला पक्षी दिसला आणि गळ्यावर मधली रेघ नसली, तर हिवाळ्यात स्पॅरोहॉकचा विचार गांभीर्याने करा.

प्रौढ स्पॅरोहॉक गळ्याच्या खालपासून शेपटीच्या बुडापर्यंत एकसारख्या आडव्या पट्ट्यांनी भरलेला असतो. नराचे पट्टे नारिंगी आणि गालही नारिंगी. मादीचे पट्टे करडे-तपकिरी आणि डोळ्यावर पांढरी भुवई उठून दिसते. शिक्ऱ्याचे गाल कोरे राखाडी असतात आणि प्रौढाला अशी पांढरी भुवई नसते. लहान शिक्ऱ्याला फिकट भुवई असते, म्हणून वय आधी ठरवलेलं बरं.

प्रौढ बेसऱ्याची छाती मधोमध उभ्या रेघांची, बाजूंना तांबूस, खाली पोटावर रुंद तपकिरी आडवे पट्टे, आणि मांड्यांवरही पट्टे. मांड्यांचे पट्टे मला फार उपयोगाचे वाटतात, कारण पक्षी फांदीवर बसला असताना छाती पानाआड गेली तरी मांड्या दिसतात. प्रौढ शिक्ऱ्याच्या मांड्या पांढऱ्या असतात.

गॉसहॉकची नक्षीही बेसऱ्यासारखीच, वर उभी आणि खाली आडवी, फक्त अधिक ठसठशीत.

चौथी पायरी: शेपटी

शेपटीवरच्या गडद पट्ट्यांची रुंदी आणि त्यांच्यामधल्या फिकट जागेची रुंदी यांची तुलना करा. बेसऱ्यात दोन्ही जवळपास सारख्या असतात, त्यामुळे शेपटी ठळक पट्ट्यापट्ट्यांची दिसते. लहान शिक्ऱ्याचे गडद पट्टे अरुंद आणि संख्येने जास्त, मधली फिकट जागा मोठी. प्रौढ शिक्ऱ्याच्या मिटलेल्या शेपटीवर मागून पट्टे जवळपास दिसतच नाहीत. खालून बघितलं तर बाजूच्या पिसांवर बारीक पट्टे दिसतात. स्पॅरोहॉकच्या शेपटीवर चार-पाच गडद पट्टे, आणि तिचं टोक चौकोनी, कोपरे काटकोनात कापलेले.

बसलेल्या पक्ष्याच्या पंखांची टोकं शेपटीवर कुठवर पोचतात तेही पाहा. या चौघांत ती शेपटीच्या मध्याच्या आसपास किंवा त्याच्या अलीकडेच संपतात. पंख जवळजवळ शेपटीच्या टोकाला भिडत असतील तर तुम्ही वेगळ्याच पक्ष्याकडे पाहत आहात. माळरानावर विजेच्या तारेवर बसलेला, पांढऱ्या डोळ्यांचा, गळ्यावर तीन गडद रेघा असलेला पक्षी असेल तर तो व्हाइट-आइड बझर्ड. सासवड-जेजुरीकडच्या माळांवर याची शिक्रा म्हणून हमखास नोंद होते.

पाय

पायांकडे फार थोडे लोक पाहतात, आणि ते चुकतं. शिक्ऱ्याचे पाय आखूड आणि बोटं जाडसर, आखूड. त्याचं खाणं सरडे, पाली, मोठे कीटक, उंदीर, लहान पक्षी असं मिश्र असतं. बेसरा आणि स्पॅरोहॉक मुख्यतः उडते पक्षी पकडतात. त्यांच्या तंगड्या काडीसारख्या बारीक आणि मधलं बोट लांबच लांब, पिसांच्या आत शिरून पक्ष्याला धरता यावं म्हणून. जवळून घेतलेल्या फोटोत मधलं बोट शेजारच्या बोटांच्या मानाने खूपच पुढे गेलेलं दिसलं, तर शिक्रा बाजूला ठेवा. क्रेस्टेड गॉसहॉकचे पाय याउलट जाडजूड आणि दणकट. त्याच्या डोक्यामागे छोटी शेंडी असते, पण ती मानेला चिकटून राहते आणि अनेकदा दिसत नाही. गळ्याची ठळक रेघ, जाड पाय आणि भारदस्त बांधा एकत्र दिसले की गॉसहॉक. ठळक रेघ आणि काटकुळ्या तंगड्या असतील तर बेसरा.

उडताना

उडणारा पक्षी ओळखणं खरंच अवघड आहे आणि इथे कॅमेरा दुर्बिणीपेक्षा जास्त मदत करतो. पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी पिसं, ज्यांना पक्षीनिरीक्षक ‘बोटं’ म्हणतात, ती फोटोत मोजा. शिक्रा आणि बेसऱ्याला पाच, स्पॅरोहॉक आणि गॉसहॉकला सहा. जून ते ऑक्टोबरच्या काळात प्रौढ पक्षी पिसं बदलत असतात आणि एखादं पीस गळलेलं असतं, तेव्हा दोन्ही पंखांवर मोजून पाहा.

प्रौढ शिक्रा खालून जवळजवळ पांढरा दिसतो, फक्त पंखांची टोकं गडद. बेसऱ्याचा पंख खालून पट्ट्यांनी भरलेला असतो. गॉसहॉकचे पंख मागच्या कडेला बाहेर फुगलेले, रुंद. हिवाळा सरता सरता, सकाळचं ऊन तापायला लागलं की गॉसहॉकचा नर जंगलावर उंच चढतो, पंख खाली वाकवून उथळ, थरथरते फटकारे मारतो, आणि शेपटीखालची पांढरी पिसं फुलवतो. ती शेपटीच्या दोन्ही बाजूंनी कापूस बाहेर आल्यासारखी दिसतात. हे दृश्य एकदा पाहिलं की पुढे कधी शंका राहत नाही. आंबोली, तिलारी आणि गोव्यातल्या घाटजंगलांवर सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान आकाशाकडे लक्ष ठेवावं ते याचसाठी.

आकाशातल्या पक्ष्याचा फोटो घेताना एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, नाहीतर पोटाची सगळी नक्षी काळोखात जाते. शटर १/२००० च्या आसपास ठेवा आणि सलग फ्रेम घ्या. पंख पूर्ण उघडलेली एकच फ्रेम पुरते.

पावशा: पाचवा सारखा दिसणारा पक्षी

पावशा हा शिकारी पक्षी नाही, कोकीळ कुळातला आहे, पण शिक्ऱ्याचं सोंग त्याने इतकं हुबेहूब घेतलंय की बुलबुल आणि सातभाईसुद्धा फसतात आणि आरडाओरडा करत त्याच्या मागे लागतात. प्रौढ पावशाची राखाडी पाठ आणि विटकरी छाती प्रौढ शिक्ऱ्यासारखी, आणि त्याचं पिल्लू तपकिरी, छातीवर रेघोट्यांचं, म्हणजे लहान शिक्ऱ्यासारखं. उडण्याची आणि फांदीवर येऊन बसण्याची ढबसुद्धा तीच.

चोच पाहा. पावशाची चोच सरळ, निमुळती आणि फक्त टोकाशी जराशी वाकलेली; शिक्ऱ्याची मुळापासूनच आकड्यासारखी. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. तो बसला की पंख बऱ्याचदा शरीराच्या बाजूला ढिले सोडतो. पाय दिसलेच तर दोन बोटं पुढे, दोन मागे. मार्चनंतर ‘पेरते व्हा’ सुरू झालं की प्रश्न उरत नाही, पण हिवाळ्यात तो गप्प असतो आणि तेव्हाच जास्त गल्लत होते.

आवाजावर भिस्त ठेवताना कोतवाल पक्ष्याची आठवण ठेवा. तो शिक्ऱ्याची ‘टी-टुई’ हाक हुबेहूब काढतो आणि इतर पक्षी घाबरून पळाले की त्यांचं भक्ष्य लाटतो. नुसत्या हाकेवरून शिक्ऱ्याची नोंद करायची असेल, तर आसपास कोतवाल नाही ना, ते आधी बघा.

जागा आणि महिना

पाच खुणा तपासून झाल्या की मगच जागा आणि महिना बघावा, असं माझं मत आहे. आधी बघितलं तर डोळे तेच शोधतात. बेसरा दाट जंगलाचा: महाबळेश्वर, कोयना, भीमाशंकर, आंबोली. हिवाळ्यात तो क्वचित खाली उतरतो, पण पुण्यातल्या गृहसंकुलाच्या बागेत बसलेल्या पक्ष्याला बेसरा म्हणायचं तर गळा, शेपटी आणि पाय तिन्ही दिसलेच पाहिजेत. स्पॅरोहॉक आपल्याकडे थंडीचा पाहुणा, ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात तो दिसल्याची नोंद करण्याआधी फोटो पुन्हा तपासा. गॉसहॉक जंगल सोडून फारसा बाहेर येत नाही. शिक्रा मात्र दाट जंगलाच्या कडेलाही असतो, म्हणून ‘जंगलात दिसला’ एवढ्यावरून तो बेसरा होत नाही.

नोंद कशी लिहावी

वहीत पक्ष्याचं नाव शेवटी लिहा. त्याआधी पाठीचा रंग, गळ्याची रेघ, छातीची नक्षी उभी की आडवी, शेपटीचे पट्टे, पायांची जाडी, डोळ्याचा रंग. जे दिसलं नाही त्यासमोर ‘दिसलं नाही’ असं स्पष्ट लिहा. अंदाजाने भरलेला रकाना नंतर खरा वाटायला लागतो. फोटो घेताना फक्त चेहऱ्याचा सुंदर फोटो नको. गळा, पाय, मिटलेली शेपटी आणि जमलं तर उडतानाचा पंख असे वेगवेगळे फोटो घ्या, मग ते कितीही साधे असोत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातीपर्यंत पोचता आलं नाही तर वरच्या पातळीवर, जात निश्चित नाही अशी नोंद करण्याची सोय आहे. ती वापरा. अ‍ॅपने सुचवलेलं नाव या चौघांच्या बाबतीत फक्त सूचना समजा, विशेषतः लहान पक्ष्यांच्या बाबतीत.

मार्च ते जूनमध्ये शिक्ऱ्याची घरटी असतात, कावळ्याच्या घरट्यासारखी काटक्यांची, उंच झाडाच्या बेचक्यात. घरटं सापडलं तर झाडाखाली थांबू नका, दुरूनच पाहा आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. शिकारी पक्ष्यांची पिल्लं पळवून पाळणारे लोक आजही आहेत, आणि ते बेकायदा आहे. ऑगस्टपासून त्याच झाडाच्या आसपास लहान शिक्रे ओरडत फिरताना दिसतील. त्यांचे फोटो जुन्या-नव्या तारखांनिशी साठवून ठेवा. छातीवरच्या उभ्या रेघा जाऊन आडवे पट्टे कसे उमटतात ते त्यात महिन्यागणिक पाहायला मिळतं.